अक्कांच्या पोटातला गोळा

डॉ. गिरिजा पट्टणशेट्टी ज्या दिवशी कुणाला शिवी देत नसत, त्या दिवशी त्यांच्या प्रसूतिगृहातली झाडून सगळी माणसं धास्तावायची. एरवी राजारामपुरीतल्या त्या दुमजली इमारतीत सकाळपासून त्यांचा आवाज घुमत असे. रस्त्यानं जाणारा एखादा नवखा माणूस थबकायचा आणि आत कुणाची मारामारी चाललीय म्हणून चौकशी करायचा. समोरचा पानवाला चुना लावता लावता सांगायचा, "मारामारी न्हवं पावणं, बाळातपण चाललंय. कळा एकीला येत्यात आणि वरडतीय दुसरीच."

मी त्यांच्याकडे भूल द्यायला जायचो. सत्तरच्या आगेमागे कोल्हापुरात भूल देणारे डॉक्टर फार थोडे होते. स्कूटरला पेटी बांधून मी या दवाखान्यातून त्या दवाखान्यात हिंडायचो. लोक मला 'भुलीचा डॉक्टर' म्हणायचे, आणि त्यावरून काही भाबड्या मंडळींचा असा समज झाला होता की मी चकवा लागलेली माणसंही बरी करतो. दोघातिघांना मी बरंही केलं. पण ते जाऊ द्या, सांगायचंय ते अक्कांविषयी.

अक्का त्यांना सगळं गाव म्हणायचं. गडहिंग्लजच्या बाजूच्या एका गुळाच्या व्यापाऱ्याची ही लेक. घरात कानडी, दारात मराठी, तीही कोल्हापुरी बायकांची, 'मी येतो, मी जातो'वाली. ठेंगणी, रुंद बांध्याची, अंगावर कायम इरकली साडी, कपाळावर विभूतीचं बोट आणि गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग. ऑपरेशनचा गाऊन चढवला की त्या एखाद्या पांढऱ्या पिंपासारख्या दिसत, आणि हे मी त्यांच्या तोंडावर म्हटलेलं आहे. त्यावर त्यांनी मला कानडीत जे सांगितलं, त्याचा अर्थ सिस्टर मार्थांनी मला आजतागायत सांगितलेला नाही.

शाळेपासून मुंबईच्या मेडिकल कॉलेजपर्यंत अक्कांनी पहिला नंबर सोडला नव्हता. भिंतीवर सोन्याची पदकं होती, ती त्यांच्या वडलांनी ठोकून लावलेली. यजमान बसवराजअण्णा ऑइल इंजिनांचं दुकान चालवायचे. शांत, गमत्या माणूस. ते म्हणायचे, "डॉक्टर, माझ्या दुकानातली इंजिनं हँडल मारल्याबिगर सुरू व्हत न्हाईत. घरातलं इंजिन बंदच व्हत न्हाई. कंपनीला कळवावं म्हणतोय."

ते खरंच होतं. अक्कांना बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. दिवसभर बाळंतपणं, दुपारी शाळेतल्या मुलींची तपासणी, संध्याकाळी महिला मंडळ. शिवाय कुणीही येऊन "अक्का, तुमीच पायजे" म्हणालं की ह्या "बरं" म्हणून मोकळ्या. एकदा अण्णांनी हट्टानं त्यांना महाबळेश्वरला नेलं. दुसऱ्या दिवशी बाई एकट्याच एसटीनं परत. का, तर म्हणे वॉर्डातल्या एका पहिलटकरणीचे पाय सुजलेत. अण्णा मात्र राहिले, स्ट्रॉबेरी खाल्ल्या, बोटीत बसले आणि आल्यावर सांगत सुटले, की लग्नानंतरची एवढी सुखाची सहल दुसरी झाली नाही.

अक्कांची काही ठरलेली वाक्यं होती. कळा सोसताना दात आवळून गप्प पडलेल्या बाईला त्या म्हणत, "वरड की! फुकाट हाय." बाहेर घिरट्या घालणाऱ्या नवऱ्याला, "तू खाली बस. तुजं काम मगाच संपलंय." आणि कुणी म्हणालं, अक्का, तुम्हाला भीती नाही वाटत, तर ठरलेलं उत्तर, "भ्यायला सवड कुणाला हाय?"

हे वाक्य गावभर झालं होतं. आया पोरींना सांगायच्या, बघ, अक्का कशी वाघीण हाय.

या वाघिणीच्या दोन-चार तऱ्हा मात्र आम्हाला, म्हणजे मला आणि सिस्टर मार्थांना, चांगल्या ठाऊक होत्या. ऑपरेशनच्या दिवशी त्या अन्नाला शिवायच्या नाहीत. स्वतः उपाशी, आणि आम्हाला मात्र मिसळ, भडंग, वर चहा, आणि "खावा की, लाजताय काय?" म्हणून दमदाटी. सगळी हत्यारं सिस्टरनी मांडली की ह्या परत पहिल्यापासून बघणार. सिस्टर जुन्या, मिशनच्या दवाखान्यात मुरलेल्या. त्या गळ्यातल्या क्रुसाला हात लावून मुकाट उभ्या राहायच्या. मग पाळी माझी. "इनामदार, बाटलीत ईथरच हाय न्हवं? का पाणी भरून आणलंय?" आणि बूच काढून स्वतः वास घेणार. मी म्हणायचो, "जास्त हुंगू नका अक्का, नाहीतर ऑपरेशन मलाच करावं लागेल. मग बघा काय होतंय ते."

आणि मग नळ. गाऊन चढवायच्या आधी अक्का आतल्या न्हाणीघरात जात, दाराला कडी लावत आणि नळ पुरा सोडत. पाणी धबाधबा बादलीत पडायचं, बादली भरून वाहायची, आणि आम्ही बाहेर ताटकळायचो. बाई बाहेर आल्या की तोंड धुतलेलं, डोळे लाल, आणि पहिलंच वाक्य कुणाच्या तरी आईबापाचा उद्धार करणारं. स्वच्छतेचं वेड आहे, असं मी समजत होतो. सिस्टर म्हणायच्या, "बाईंना पित्त आहे." त्या दवाखान्यात पित्त हा शब्द फार कामाचा होता.

पण एकदा टेबलापाशी उभ्या राहिल्या, की त्यांचे हात बघत राहावेत. आवाज बंद, शिवी बंद. रक्ताची धार लागली तरी बोटं आपली कणीक मळल्यासारखी निवांत. अवघड केसमध्ये माझ्याच कपाळावर घाम यायचा आणि त्या मान वर न करता सिस्टरला सांगायच्या, "इनामदारांचं कपाळ पुसा, नाहीतर ठिबकंल."

एका पावसाळ्यात गगनबावड्याहून निरोप आला. सरकारी दवाखान्यात एक बाई अडलीय, बाळ आडवं आहे, ओढ्याला पाणी चढल्यामुळं पेशंटला कोल्हापूरला आणता येत नाही. गगनबावड्याचा पाऊस म्हणजे आभाळाला भोकं नसतात, आभाळच नसतं. अक्कांनी फियाट काढली, मला आणि माझ्या पेटीला आत ढकललं आणि निघाल्या. वाटेत त्यांनी गाडी दोनदा बाजूला घेतली, छत्री न घेता उतरल्या, एका झाडामागं गेल्या आणि पदरानं तोंड पुसत परत आल्या. "काही न्हाई," म्हणाल्या. "घाट लागला की मला असं हुतंय."

ओढ्यापाशी गाडी सोडून आम्ही गावकऱ्यांच्या खांद्याला धरून पलीकडे गेलो. दवाखान्यात दिवसाढवळ्या कंदील लावलेला. मी ईथरची बाटली काढली आणि पहिल्यांदा तो कंदील बाहेर पिटाळला, नाहीतर आई, बाळ, डॉक्टर सगळे एकाच फेरीत वर गेलो असतो. मग खिडकीच्या उजेडात अक्कांनी ते बाळ आतल्या आत वळवलं आणि पायांकडून ओढून काढलं. निळं पडलेलं पोर उलटं धरून त्यांनी त्याला कानडीत एक दिली आणि ते रडलं. पोरगी होती. बाहेर बसलेल्या आजोबांनी "पोरगीच व्हय?" म्हणून तोंड पाडलं, तर अक्का दारातूनच कडाडल्या, "मग काय घोडं पायजे हुतं?"

परतीच्या वाटेवर चहा घेताना माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. कोल्हापूर ते गगनबावडा हा रस्ता बऱ्यापैकी सरळ आहे. खरा घाट आहे तो गावाच्या पुढं, कोकणात उतरताना. मी म्हटलं, "अक्का, घाट तर आपल्याला लागलाच नाही."

त्यांनी बशीतला चहा फुर्र करून ओढला. "मग मला आदीच लागला," म्हणाल्या. "माझा नेहमी पयला नंबर असतोय."

या पराक्रमाबद्दल एका महिला मंडळानं त्यांचा सत्कार केला. अध्यक्षस्थानी एक पुढारी होते, त्यांना भाषण करायला निमित्त लागत नसे, इथं तर होतं. त्यांनी अक्कांना रणरागिणी म्हटलं, वीरांगना म्हटलं, आणि मग "भय हा शब्द ज्यांच्या शब्दकोशात नाही," असं म्हणून टाळ्यांसाठी थांबले. टाळ्यांच्या ऐवजी माईकमधून उचकी ऐकू आली. अक्कांची. पुढाऱ्यांनी पुन्हा "निर्भय" म्हटलं, पुन्हा उचकी. असं ते बराच वेळ चाललं. सभागृहातली पोरं "निर्भय" शब्दाची वाट बघायला लागली. शेवटी नारळ आणि लुगडं घेऊन अक्का आभारप्रदर्शनाच्या आधीच मागच्या दारानं पसार झाल्या. अण्णा माझ्या शेजारी बसले होते. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते पुसत म्हणाले, "कुणी गुण गायला लागलं की हिला असंच हुतंय. लगीन झाल्यापासनं मी एकदाबी चांगलं बोललो न्हाई. डॉक्टर, प्रेम असंबी असतंय."

त्यानंतर वर्षा-दोन वर्षांनी सुनंदा आली.

शिरोलीच्या एमआयडीसीत बाबुराव पोवार यांची फौंड्री होती. भट्टीपाशी उभं राहून राहून त्यांचा आवाज असा झाला होता, की कानात बोलले तरी गल्लीला ऐकू जावं. सुनंदा त्यांची एकुलती एक लेक. मॅट्रिकला सेंटरात पहिली आलेली, पेपरात फोटो छापून आलेला. आता कॉलेजात सायन्सला, आणि पुढं मेडिकल हे बाबुरावांनी ठरवून टाकलेलं. परीक्षा तोंडावर आली आणि पोरीचं पोट दुखायला लागलं. औषधं झाली, काढे झाले, उतारा झाला. एका डॉक्टरांनी अपेंडिक्सचा संशय घेतला, आणि तेवढ्या संशयावरच बाबुराव खूश झाले. बिघडलेला पार्ट सापडला! लेडी डॉक्टरच्या दवाखान्यात मुलीची जात सुरक्षित, म्हणून ऑपरेशन अक्कांकडे करायचं ठरलं. सर्जन दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते. मी आदल्या संध्याकाळी पेशंट बघायला गेलो.

पोरगी खाटेवर ताठ बसली होती. वेणी घट्ट, चेहरा हसरा. मी साधं विचारलं, एखादा दात हलतो का, तर तोंडी परीक्षा असल्यासारखी हात जोडून म्हणाली, "नाही सर." मग मलाच विचारलं, "सर, भूल उतरल्यावर वाचता येतं ना? की एक दिवस वाया जातो?" मी म्हटलं, फार हुशार आहे. त्यापलीकडं मला काही दिसलं नाही.

तेवढ्यात अक्का आल्या. पोट दाबून बघितलं. मग कॉलेजातल्या मास्तरांच्या चौकशा करत, हसत-बोलत, तीच जागा पुन्हा दाबली. पोरगी बोलण्याच्या नादात होती, तिनं हूं की चूं केलं नाही. अक्का थांबल्या. खाटेच्या कडेवर बसल्या. दवाखान्यात मी त्यांना बसलेलं पाहिलं ते हे पहिल्यांदा.

"उलटी हुती?"

"नाही."

"परीक्षेच्या दिवशी?"

"नाही, नाही." उत्तर जरा घाईत आलं.

अक्कांनी आवाज एकदम खाली आणून विचारलं, "न्हाणीघरात गेलीस की नळ सोडतीस?"

पोरीचं हसू होतं तसंच चेहऱ्यावर राहिलं, पण डोळे भरले. ती अगदी हळू म्हणाली, "पुरा नाही सोडत. पुरा सोडला की टाकी संपते, आई ओरडते. अर्धाच."

"मी पुरा सोडतो," अक्का म्हणाल्या. "आमची टाकी मोठी हाय."

सुनंदाला खुदकन हसू आलं आणि त्या हसण्याचंच मधल्या मधे रडं झालं. सिस्टर मार्था दारात होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. पित्त, घाट, उपास, धबाधबा पडणारं ते पाणी, सगळं माझ्या डोक्यात एका रांगेत येऊन उभं राहिलं.

"कवापासनं?" अक्कांनी विचारलं.

"पहिली आले तेव्हापासून."

"त्येच्या आदी न्हाई?"

"आधी कुणाला वाटतच नव्हतं मी येईन म्हणून."

अक्का उठल्या आणि मला म्हणाल्या, "इनामदार, पेटी घरला न्या. उद्या कुणाला झोपवायचं न्हाई."

बाहेर व्हरांड्यात बाबुराव होते. आणखी पेशंटांचे नातेवाईक होते, उद्याच्या सिझेरियनवालीची सासू होती, तिचा दीर होता. अक्कांनी सांगितलं, अपेंडिक्स नाही, पोरगी भ्यालीय.

"भ्यालीय?" बाबुरावांचा आवाज जिन्यावरून खाली उतरून रस्त्यावर गेला. "नंबरात येणारी पोरगी, ती कशाला भिईल? नापास हुणारी भित्यात!"

"नापास हुणारा कशाला भितोय? त्यो मोकळा असतोय. त्येच्याकडनं कुणाला काय पायजे असतंय?" अक्का म्हणाल्या. "बाबुराव, तुमच्यात लोखंड वतताना कधी आत हवा राहती न्हवं? वरनं माल गुळगुळीत दिसतोय, आत पोकळ फोड?"

"माझ्या मालात तसलं काय निघत न्हाई."

"घरात निघालंय."

बाबुराव लालबुंद झाले. "तुमी डॉक्टर हाय का कोण? तुमाला काय कळतंय भ्यालेल्या माणसाचं? तुमी तर वाघीण!"

आणि मग अक्का ते बोलल्या. ठणकावून, सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं. "मला न्हाई तर कुणाला कळणार? इतकी वर्सं झाली, मी एकबी ऑपरेशन न भिता केल्यालं न्हाई. दर बारीला आदी वकतो आणि मग हातात चाकू घेतो. इचारा ह्या मार्थाला."

सिस्टर मार्थांनी क्रूस घट्ट धरला. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, आणि खरं बोलायची ती वेळ नव्हती.

सिझेरियनवालीच्या सासूनं दिराकडं बघितलं, दिरानं खाली रिक्षा बोलावली, आणि अर्ध्या तासाच्या आत सून, पिशवी आणि तांब्यासकट ते कुटुंब दुसऱ्या दवाखान्यात रवाना झालं.

कोल्हापुरात बातमी पोचवायला पेपर लागत नाही. बाबुरावांनी शिरोलीत सांगितलं की बाईचे हात कापतात. राजारामपुरीत ती रडते असं झालं. मंगळवार पेठेत पोचेपर्यंत ऑपरेशन करताना ती चक्कर येऊन पडली होती. एका समारंभात एक ज्येष्ठ डॉक्टर मला डोळा घालून म्हणाले, "तुमच्या अक्का ऑपरेशनच्या आधी रडतात म्हणे?" मी म्हटलं, "छे हो, फक्त उलटी करतात. ऑपरेशनच्या नंतर रडायचं असतं, ते तुमच्या पेशंटांनी." त्यांनी मला पुन्हा भुलीसाठी बोलावलं नाही. माझं काही बिघडलं नाही, त्यांच्या पेशंटांचं काय झालं ते ठाऊक नाही.

पण अक्कांचा वॉर्ड अर्धा रिकामा झाला. त्या कुणावर ओरडेनाशा झाल्या. अण्णा दुकान सोडून दुपारचे घरी येऊन बसायला लागले. त्यांनी मला बोलावलं म्हणून मी गेलो, तर अक्का स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या आणि त्या करपत होत्या.

"इनामदार," त्या तव्याकडं बघतच म्हणाल्या, "जल्मभर एकच भीती हुती. लोकांना कळंल. कळलं तर संपलं. आता कळलं. सगळ्या गावाला कळलं. आणि ह्यो गोळा पोटात हाय तितंच हाय! मग ही भीती हाय तरी कशाची?"

माणसाला झोपवायचं कसं ते मला येत होतं, जाग्या माणसाचं काय करायचं ते नाही. अण्णांनी करपलेली भाकरी उचलली, मोडून तोंडात टाकली आणि म्हणाले, "कशाची का असंना. पण आता लपवायचं काम तरी सुटलं. तेवढाच येळ वाचला. ह्या येळात भाकऱ्या तरी नीट कर."

अक्कांनी उलथनं उगारलं आणि कानडीत काहीतरी म्हटलं. अण्णांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तब्येत सुधारतेय.

मिरजेला मनाचे एक डॉक्टर होते. त्या काळी असल्या डॉक्टरकडं जाणं म्हणजे माणूस वेडा, आणि मुलगी असेल तर तिचं लग्न मोडलंच. सुनंदाच्या आईला अक्कांनी बाजूला घेतलं. ती बाई नवऱ्यापुढं तोंड उघडत नसे, पण नळाचं पाणी कुठं जातं हे तिला केव्हाच कळलेलं होतं. दोघींनी मिळून बाबुरावांना सांगितलं, पोटाचे मोठे डॉक्टर आहेत. पोरीचं दुखणं थांबत नव्हतं, म्हणून बाबुराव कुरकुरत का होईना तयार झाले. आणि दर गुरुवारी अक्कांची फियाट सुनंदाला घेऊन मिरजेला जायला लागली.

एका गुरुवारी मलाही मिरजेला काम होतं. मी गाडीत बसलो. माझं काम उरकून त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात गेलो, तर सुनंदा बाहेर बाकावर पेरू खात बसलेली. आतलं दार बंद. मी विचारलं, "अक्का कुठायत?"

"आत."

तेवढ्यात आतून आरोळी आली, "मी चिडलेलो न्हाई! माझा आवाजच असा हाय!"

सुनंदानं पेरूचा एक तुकडा मला दिला. "माझं मागच्या महिन्यातच संपलं काका," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले आता यायची गरज नाही. पण अक्कांना सोबत लागते ना."

दार उघडलं. अक्का बाहेर आल्या, मला बघून चपापल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "पोरीचं अजून थोडं राहिलंय. चला." गाडीत मी आणि सुनंदा आपापल्या खिडकीतून ऊस बघत बसलो. एकमेकांकडं बघायची सोय नव्हती.

सुनंदा परीक्षेला बसली. तिचं नाव पेपरात आलं नाही. बाबुराव काही दिवस फौंड्रीत गेले नाहीत, गेले तेव्हा कुणाशी बोलले नाहीत. पोरगी पेढे घेऊन अक्कांकडे आली. अक्कांनी विचारलं, "कितवी आलीस?"

"माहीत नाही. पास झाले तेवढं बघितलं, नंबरांची यादी बघितलीच नाही."

"बघितलीच न्हाई?" अक्का पेढा हातात धरून तिच्याकडं बघत राहिल्या. "अय्यो! मला जमायचं न्हाई ह्ये."

मेडिकलला ती गेली नाही. बी.एस्सी. करून बापाच्याच फौंड्रीत शिरली. हळूहळू सगळा कारभार तिनं हातात घेतला. ऐंशीनंतर मी एकदा शिरोलीला गेलो होतो, तर ती डोक्याला रुमाल बांधून भट्टीपाशी कुणाला तरी झापत होती आणि बाबुराव ऑफिसात गपगार बसून चहा पीत होते. मला बघून हळूच म्हणाले, "डॉक्टर, घरात भ्यायचं काम आता मी बघतोय."

अक्कांकडे पेशंटही परत यायला लागले. त्याची सुरुवात एका म्हातारीपासून झाली. सुनेला घेऊन ती खेड्यावरून आली, तेव्हा समोरच्या पानवाल्यानं तिला प्रामाणिकपणे सावध केलं, "म्हातारे, ही डॉक्टरीण भिती म्हनं." म्हातारी म्हणाली, "न भिणाऱ्यानं माजी थोरली सून मारली बाबा. मला भिणारीच पायजे." आणि जिना चढली.

अक्का पुऱ्या बऱ्या झाल्या असं मी म्हणणार नाही. नळ वाहतच होता. पण कडी लावायच्या बंद झाल्या. कधी सिस्टर मार्था पाठीवरून हात फिरवत उभ्या असायच्या, कधी आतून हाक यायची, "इनामदार, आज लई हाय बरं का!" आणि मी बाहेरून म्हणायचो, "होऊ द्या सावकाश, मी चहा घेतो." महाबळेश्वरला त्या पुन्हा गेल्या, आणि या खेपेला मुक्काम पुरा केला. अण्णांची तक्रार होती की पूर्वीची मजा राहिली नाही.

मी कोल्हापूर सोडलं ते ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, पुण्याला मुलाकडे राहायला. निघायच्या आधी निरोप घ्यायला राजारामपुरीत गेलो. दुपारची वेळ होती. थिएटरच्या दारावरचा लाल दिवा लागलेला, म्हणून मी जिन्यातच थांबलो. अक्कांनी हाताखाली एक तरुण डॉक्टरीण घेतली होती, नीलिमा नावाची. त्या दिवशी तिचं पहिलं सिझेरियन होतं, एकटीनं. भूल द्यायलाही आता नवा माणूस होता.

अक्का बाहेर होत्या. व्हरांड्यातल्या बाकावर पेशंटची आई बसली होती, हिरव्या लुगड्यातली, सुरकुतलेली, तोंडात पदराचा बोळा कोंबलेली. अक्का बंद दारासमोर येरझारा घालत होत्या. केस पांढरे झालेले, विभूती घामानं ओघळलेली. दाराला कान लावायच्या, मागं यायच्या, पुन्हा जायच्या. शेवटी त्या बाकापाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांचे हात थरथरत होते. मी ते हात इतकी वर्षं बघितले होते, पण थरथरताना कधी बघितले नव्हते. आणि ते त्यांनी पदराखाली घेतले नव्हते.

म्हातारीनं तोंडातला बोळा काढला. "डॉक्टर असून भिताय व्हय?"

"व्हय की," अक्का म्हणाल्या. "लई भ्यालोय. जरा सरक तिकडं."

म्हातारी सरकली. अक्का तिच्या शेजारी बसल्या. म्हातारीनं त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि मांडीवर ठेवला. दोघी त्या लाल दिव्याकडं बघत बसल्या.

मी जिन्यावरून हळूच खाली उतरलो. निरोप पत्रानंही घेता आला असता.